बोटभर जागा

८ एप्रिल

माझ्या नावापुढे ‘एकाकी’ लिहायला तुला सांगितलं कुणी? मी कधी तुझ्यापाशी रडले? भिंतीशी बोलताना सापडले? दोन वेळचं रांधते, चार माणसांत उठते-बसते, कुणापुढे हात पसरत नाही, आणि तू भर सभेत मला एकाकी करून मोकळी झालीस.

आता आशीर्वाद घे. तक्रार आधी, आशीर्वाद मागून. उलट केलं असतं तर तक्रार गिळावी लागली असती, आणि या वयात मला काही गिळलेलं पचत नाही.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर ‘हं’ म्हणतेस आणि ठेवतेस. म्हणून हे पत्र. पत्र मधेच ठेवता येत नाही. ठेवलं तरी ते तिथंच पडून तुझ्याकडे बघत बसतं. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई, एका पानाला अख्खी दुपार जाते. दुपारी आहेत म्हणा आता भरपूर.

तुझ्या मनात काय आहे ते मला आत्याकडून कळलंय. आजीनं घात केला म्हणे. तर भिंगरे, पहिल्यापासून लिहिते, म्हणजे कुणी काय केलं ते दोघींसमोर राहील.

आगीचे बंब नव्या जागी गेले आणि जुना बंबखाना रिकामा पडला. तू नगरपरिषदेच्या मागे लागून तो दुपारपुरता मागून घेतलास. म्हाताऱ्यांनी तिथं बसायचं आणि लोकांच्या मोडक्यातोडक्या वस्तू दुरुस्त करायच्या, ही तुझी कल्पना. मी नावं ठेवली. म्हटलं, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. पण पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी मीच जाऊन बसले. मग छत्रीवाली आली, जिचे हात छत्रीच्या काड्यांत आणि तोंड लोकांच्या घरांत. नर्सबाई आल्या. नोकरी संपली तरी कुणी नमस्कार केला की त्या नाडीच धरतात. घड्याळजी आले, ठार बहिरे. घड्याळ चालतंय की नाही ते बोटानं बघतात. आणि मी. जन्मभर शिंप्याकडे काजं केली, सदऱ्याची, कोटाची, साहेबांची आणि त्यांच्या चपराशांची. काज सगळ्यांचं सारखंच असतं.

दारावर तू पहिल्यापासून पाटी लावली होतीस, ‘एकाकी ज्येष्ठांसाठी दुरुस्तीची दुपार’. रंगाऱ्यानं पहिल्या अक्षरानंतर बोटभर जागा सोडली होती. मी अक्षर अक्षर लावून वाचते. एके दिवशी मोठ्यानं वाचलं, ‘ए काकी!’ म्हटलं, वा, पोरीनं हाक मारल्यासारखी पाटी लिहिलीय. फाटकाशी उभी असलेली छत्रीवाली पोट धरून हसली. तेव्हापासून ती मला म्हणायची, ‘ए काकी, कात्री दे’, आणि मी तिला, ‘ए काकी, आधी मागची परत कर’. घड्याळजींनाही आम्ही ए काकीच म्हणायचो. त्यांना ऐकू येत नाही म्हणून खपून गेलं.

तूही हसलीस. ब्रश धूत होतीस नळाखाली, पाठमोरी, तुझे खांदे हलत होते. मी चुकीचं वाचलंय हे तुला कळलं होतं आणि तू सांगितलं नाहीस. आमच्या बोलण्यात एकटी असते, विधवा असते, टाकलेली असते. एकाकी हा शब्द माझ्या कानावरून कधी गेला नव्हता. हा तुझा गुन्हा, आधी हा लिहून ठेव.

मग डिसेंबरात ती अनुदानाची सुनावणी. गावातल्या कार्यक्रमांना परिषद वर्षाकाठी मदत देते, ती मिळाली की बंबखान्यात दिवे, टेबलं, आणि तुझी पगारी नेमणूक, म्हणजे तुला नोकरीसाठी गाव सोडायला नको. एवढं मला ठाऊक होतं. अध्यक्षबाई अर्ज वाचत होत्या. ‘एकाकी ज्येष्ठ महिला, उदाहरणार्थ अर्जदाराची आजी.’ मला बरं वाटलं. शेजारच्या कारकुनाला मी कौतुकानं विचारलं, ‘आमचं ए काकी इथपर्यंत पोचलं का हो?’ तो म्हणाला, ‘आजी, एकाकी म्हणजे जिला कुणी नाही अशी.’

जिला कुणी नाही. आणि तू समोर उभी, इस्त्रीचा सदरा घालून, ज्याची काजं मी केलेली.

मग मी उठले आणि खरं ते बोलले. काय बोलले ते तू ऐकलंस, पुन्हा लिहीत नाही. अनुदान आणि बंबखाना दोन्ही बँडवाल्यांना गेलं त्याला मी काय करू?

गाव सोडून जाताना माझ्या सुयांच्या उशीत सुया ओवून ठेवून गेलीस, पांढरा दोरा एका बाजूला, काळा एका बाजूला. दोन शब्द बोलायला तुला वेळ नव्हता, सुया ओवायला होता. सुया अजून आहेत. माझं काही अडत नाही.

जिला माणसं आहेत अशी तुझी आजी


२३ मे

पत्राचं उत्तर नाही. आत्याचा फोन आला, ‘तिला पत्र पोचलं, ती बरी आहे, जेवते.’ तू जेवतेस हे मला आत्याकडून कळायचं का? ती माझी लेक आहे, टपालखातं नाही.

बंबखान्यात आता बँड वाजतो. वाजतो म्हणजे एकाच गाण्याचं अर्धं कडवं वाजतं, मग कुणीतरी चुकतो, मग भांडण, मग पुन्हा पहिल्यापासून. उरलेलं अर्धं ऐकायला मी जगेन की नाही शंका आहे. पाटी त्यांनी उतरवली आणि दाराशी उभी करून ठेवली, नळाचं पाणी अंगावर उडतं तिच्या. मी जाता-येता बघते. मुद्दाम जात नाही, किराण्याचं दुकान त्या बाजूला आहे म्हणून.

(किराण्याचं दुकान त्या बाजूला नाही हे तुला माहीत आहे. लिहून गेले, आता खोडत नाही, कागद खराब होतो.)

छत्रीवालीशी माझं बोलणं बंद आहे. तिनं सुरू केलं. दुकानासमोर गाठ पडली. मी म्हटलं, ‘काय गं, दुपारी काय करतेस हल्ली?’ तर म्हणाली, ‘तुझ्या जिभेला धार लावत बसते. नाहीतर गंजेल ना ती, एवढं मोठं काम करून.’

मी म्हटलं, ‘मी काय केलं?’

‘आमची दुपार घालवलीस. आणि नातीला फुकट म्हणालीस, भर सभेत.’

‘फुकट नाही म्हणाले. घरची म्हणाले.’

‘एकच ते.’

‘एकच कसं?’

‘तुला शिंप्यानं घरची म्हटलं असतं तर गेली असतीस का काजं करायला?’ एवढं बोलून ती छत्री उघडून चालायला लागली. ऊन नाही, पाऊस नाही, नुसता तोरा.

म्हणून आता लिहिते मी काय बोलले ते. तू ऐकलंस, पण तुला जसं ऐकू आलं तसं तू ऐकलंस. मी म्हणाले, ‘मी एकाकी नाही. इथं बसलेलं कुणीच एकाकी नाही, आम्ही गप्पा मारायला येतो. ही माझी नात माझ्याजवळ आहे आणि कुठं जायची नाही.’ अध्यक्षबाईंनी विचारलं, ‘मग या अर्जातल्या संयोजकाच्या पगाराचं काय?’ तर मी म्हणाले, ‘पगार कशाला? ती घरचीच आहे, आवडीनं करते, तशीच करेल.’

तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं नाही. मी सभेकडे बघत होते, त्यांना पटलं का ते.

आत्याला सांगून मला निरोप देऊ नकोस.

आजी


ऑगस्ट, मंगळवार. तारखेचं पान कुणी फाडलं नाही.

तू केस कापलेस म्हणे. आत्यानं सांगितलं. बरं केलंस, विंचरायला माणूस लागत नाही.

आज लिहायचं कारण घड्याळजी. त्यांच्या मजल्यावरच्या बाईनं नर्सबाईंना सांगितलं की म्हाताऱ्यानं दुधाच्या पिशव्या आत घेतल्या नाहीत. नर्सबाई मला बोलवायला आल्या. मी म्हटलं, मला कशाला? त्या म्हणाल्या, ‘तुमचा आवाज बहिऱ्यालासुद्धा ऐकू येतो.’ गेलो. दार वाजवलं, मी ओरडले, शेजारच्या तीन बिऱ्हाडांची दारं उघडली, त्यांचं नाही. शेवटी घरमालकानं दुसरी किल्ली आणली.

आत पलंगावर पडलेले. डोळे उघडे. नर्सबाईंनी झडप घालून नाडी धरली, ती चालू होती. दाढी वाढलेली, उशाशी पाण्याचा तांब्या कोरडा. भिंतीवर त्यांची सगळी घड्याळं, आणि भिंगरे, एकूण एक बरोबर चाललेलं. बॅटरीची आहेत ना. एवढ्या घड्याळांत हा एकटा बंद.

नर्सबाईंनी त्यांच्या लिहायच्या पाटीवर लिहून विचारलं, दुखतंय कुठं? त्यांनी मान हलवली. पडलात? नाही. मग उठला का नाहीत? तर म्हणाले, बहिऱ्या माणसाचा तो मोठा आवाज, ‘उठून जायचं कुठं?’

मी कोरडा तांब्या उचलला आणि भरून आणला.  

सभेत मी म्हटलं होतं, इथं कुणीच एकाकी नाही. त्यांच्या वतीनं म्हटलं होतं. ते माझ्या बाजूलाच बसले होते, त्यांना ऐकू आलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. छत्रीवालीला विचारलं नव्हतं. तुला विचारलं नव्हतं. शिंप्याकडे नव्या मुली यायच्या त्यांना मी काय शिकवायचे? काज आधी आखायचं, बटण ठेवून बघायचं, मग कात्री. कापलेलं कापड पुन्हा जुळत नाही, कितीही रफू करा, दिसतंच. त्या दिवशी मी सरळ कात्री चालवली. त्यातून तुझ्या कापडावर.

घड्याळजी आता बरे आहेत. मी आणि नर्सबाई आळीपाळीनं जातो. मी जाते तेव्हा ते माझ्या हातावर टिचकी मारतात, चालू आहे का बघायला.

सुया संपत आल्या आहेत. एक काळ्या दोऱ्याची राहिली आहे, ती मी वापरत नाही. टोक बोथट आहे तिचं. परवा स्वतः ओवायला बसले. दोरा ओला केला, खिडकीत गेले, चष्मा लावला, काढला. मग झंपर तसाच पिन लावून घातला. कोण बघतंय?

हे वाक्य वाचून आत्याला फोन करू नकोस. ती मला दोन तास उपदेश करते.

आजी


१२ ऑक्टोबर

परिषदेत जाऊन आले. यंदाच्या अनुदानाचे अर्ज निघालेत. खिडकीवर तोच कारकून, मला बघून त्याचा चेहरा असा झाला जसा आपला दात काढणाऱ्याला बघून होतो. मी म्हटलं, ‘घाबरू नका, बोलायला आले नाही, कागद न्यायला आले.’

लिहायला नर्सबाई बसल्या, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. त्यांचं अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं, पण कारकुनाला लागेल म्हणाल्या. पहिल्याच ओळीला पेन अडलं. ‘कुणासाठी’ असं विचारलंय तिथं.

त्या म्हणाल्या, ‘ज्येष्ठांसाठी लिहू. तो शब्द नको. तुम्हाला झोंबतो.’

मी म्हटलं, ‘तुम्हाला त्याचा अर्थ माहीत होता ना? पहिल्या दिवसापासून?’

‘होता.’

‘मग सांगितलं का नाहीत?’

‘तुम्ही इतक्या हसत होतात,’ त्या म्हणाल्या. ‘आणि तुम्ही पाटी वाचलीत म्हणून छत्रीवाली आत आली होती. ती चार दिवस नुसती फाटकाशी घुटमळत होती. एकाकी लिहिलंय म्हणून आत येत नव्हती. तुम्ही ए काकी म्हणालात आणि ती आली.’

हे मला ठाऊक नव्हतं. तुला असणार. म्हणून नळाखाली ब्रश धूत बसली होतीस. तुझा गुन्हा म्हणून मी जो लिहिला होता तो खोडून टाक. मला इथून खोडता येत नाही.

तो शब्द लिहायला लावला मी. मोठ्या अक्षरात.

छत्रीवालीकडेही गेले. माफी वगैरे मागितली नाही, मला ते जमत नाही आणि तिला ते ओळखू आलं नसतं. माझी चांगली छत्री नेली, दारातच तिची एक काडी मोडली आणि म्हटलं, ‘ए काकी, ही मोडलीय.’ ती म्हणाली, ‘मोडलीय कुठं, मोडलीस.’ पण घेतली हातात.

तू नसताना हे सगळं करतेय, बैल गेला नि झोपा केला असं आत्या म्हणाली. मी म्हटलं, दुसरे बैल आहेत गोठ्यात, म्हातारे. त्यांना तरी झोपा होईल.

आजी


४ डिसेंबर

काल सुनावणी झाली.

तीच खोली, त्याच खुर्च्या, त्या बसल्या की करकरतात. आमच्या आधी बँडवाले. त्यांना अध्यक्षबाईंनी वर्षभरात काय केलं ते वाजवून दाखवायला सांगितलं. अर्धं कडवं वाजलं. पुढे काही नाही. छत्रीवाली मला कोपरानं ढोसत होती.

मग आमचं नाव. नर्सबाई बोलणार असं ठरलं होतं, पण अध्यक्षबाई माझ्याकडेच बघत होत्या. म्हणाल्या, ‘आजी, गेल्या वर्षी तुम्हीच उठून म्हणालात की इथं कुणी एकाकी नाही. आता तुमच्याच अर्जात तो शब्द आहे. नक्की काय समजायचं आम्ही?’

मी उठले. गुडघे दुखत होते, टेबल धरलं. म्हटलं, ‘बाई, गेल्या वर्षी मला शब्द तेवढा कळला होता, गोष्ट कळली नव्हती. माझ्या घरात तेव्हा सुई ओवायला दुसरे डोळे होते. आता नाहीत. काज करणाऱ्या बाईच्या झंपराला पिन आहे, बघा.’ आणि दाखवली पिन. खोलीत कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, मी तयारीत होते.

त्यांनी पुढचं विचारलं. ‘आणि संयोजकाचा पगार? तो अर्जात पुन्हा आहे. तुम्ही म्हणाला होतात, नात फुकट करते.’

मी म्हटलं, ‘ती फुकट नव्हती. मी फुकटचं बोलले.’

हे तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं, त्याच दिवशी, त्याच खोलीत, तू इस्त्रीचा सदरा घालून उभी असताना. मी म्हटलं ते काल, आणि ते ऐकायला कोण होतं, तर बँडवाले. हे मला लागून राहिलंय. बाकी काही नाही, तब्येत ठीक आहे.

अनुदान मंजूर झालं. दुपारी परत आमच्या, बँडला सकाळ दिली. घड्याळजींना मी कानात ओरडून सांगितलं, ते म्हणाले, ‘किती वाजता?’ पाटी पुन्हा लावायची आहे. रंगारी विचारायला आला, ती मधली जागा भरून काढू का म्हणून. मी म्हटलं, राहू दे. कुणी फाटकाशी घुटमळत असेल तर तेवढ्या जागेतून आत येईल.

आता मुद्द्याचं. बैठक उठताना अध्यक्षबाई माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘आजी, ही कल्पना तुमच्या नातीची. संयोजक म्हणून तिचंच नाव घालूया का? येईल ना ती परत?’

भिंगरे, उत्तर माझ्या जिभेवर होतं. येईल, येईल, न यायला काय झालं, घरचीच आहे. ‘येईल’ म्हणून मी तोंड उघडलंही होतं. छत्रीवाली माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं. म्हटलं, ‘मला माहीत नाही. तिला विचारावं लागेल.’ छत्रीवाली म्हणते, जन्मात पहिल्यांदा.

महिनाअखेरपर्यंत जागा रिकामी ठेवतील. मग नर्सबाईंची भाची तयार आहे, चांगली मुलगी आहे, थोडी वेंधळी.

तू येशील असं मला वाटत नाही. आत्या म्हणाली, तू तिकडे खोली घेतलीस, खिडकीत कुंडी ठेवलीस, रोप लावलंस. रोप लावणारा माणूस परतीची पिशवी भरत नाही, एवढं मला न शिकताही कळतं. माझ्यासाठी येऊ नकोस. सुई ओवायला आता छत्रीवाली येते, दोरा लांब घेते, गाठी पडतात, पण ओवते. तू ओवलेली ती काळ्या दोऱ्याची एक सुई उशीत आहे अजून. टोक बोथट नाही तिचं. मी खोटं लिहिलं होतं.

नाही म्हणायचं असेल तर नाही लिही. मी अध्यक्षबाईंना नाही सांगेन आणि एक अक्षर जास्त बोलणार नाही. पण ‘हो’ असो की ‘नाही’, ते तुझ्या हातचं पाहिजे. आत्याला मधे घालायचं नाही, तिच्या तोंडून आलेलं मी धरणार नाही. नर्सबाईंना फोन करायचा नाही. आणि आजीला काय ते कळेल असं समजून गप्प बसायचं नाही, आजीला काही कळत नाही. तुझ्या वतीनं मी एकदा बोलले. आता तू बोल, तूच, स्वतः.